भाजीवाल्या आयीचा बोलका डबा आणि चीनमध्ये अवचित भेटलेलं बाकीचं तंत्रज्ञान

पाऊलवाट

नमस्कार मंडळी,

सुझोऊला येऊन आम्हाला आता दोन वर्षं होत आली. शांघायपासून वेगवान गाडीने अर्ध्या तासावरचं हे शहर. नवरा इथे यंत्रांच्या कारखान्यात आहे, मी सांगलीतली नोकरी सोडून आले. मागच्या महिन्यात माहेरी गेले होते तर जो तो विचारत होता, बुलेट ट्रेनमध्ये बसलीस का, रोबो बघितलेस का. बसले, बघितले. जेवण घेऊन लिफ्टने वर येणारे हॉटेलातले रोबो आता इथल्या लहान मुलांनाही नवे नाहीत. मला चकित केलं ते फार साध्या गोष्टींनी, आणि त्या सांगायला घेतल्या की लोक विषय बदलायचे. म्हणून इथे सविस्तर लिहितेय. ज्यांनी चीनमध्ये दिवस काढलेत त्यांनीही आपापलं लिहा.

घराजवळ मंडई आहे. तिथे एका बाईंकडे मी रोज जाते. आईच्या वयाच्या बाईला इथे 'आयी' म्हणतात, म्हणजे मावशी. उच्चार आपल्या 'आई'ला इतका खेटून आहे की तो शब्द तोंडात बसायला मला एक दिवसही लागला नाही. सुझोऊ हे पाण्याचं गाव, कालवे आणि तळी. कमळकाकडी, शिंगाडे आणि अशा पाण्यातल्या आठ भाज्यांचं इथल्या लोकांना भारी कौतुक. त्यातली एक म्हणजे 'जी-थोऊ-मी', शब्दशः कोंबडीच्या डोक्याचा तांदूळ, कारण फळ दिसतं कोंबडीच्या मुंडीसारखं. बी म्हणाल तर आपला मखानाच. आपल्याकडे ते पिकवून, वाळवून, भाजून लाह्या करतात. इथे कोवळं असतानाच सोलून ओसमॅन्थसच्या फुलांबरोबर गोड पाण्यात शिजवतात.

आयी बुटक्या स्टुलावर बसते. अंगठ्याला धातूची नखी चढवलेली. तपकिरी, खडीसारखं कडक बी उचलायचं, नखीने कडेला चीर द्यायची, दाबायचं, की आतला मोत्यासारखा पांढरा दाणा पाण्याच्या भांड्यात. दिवसभर हेच. तिच्या डोक्यावर दोन क्यूआर कोड टांगलेत, एक हिरवा, एक निळा, आणि शेजारी तळहाताएवढा स्पीकर. गिऱ्हाईक वजनकाट्याचा आकडा बघतं, कोड स्कॅन करतं, आणि डबा बोलतो, 'अमुक युआन जमा'. आयी मान वर करत नाही. असे डबे आता सांगलीतही वडापावच्या गाड्यावर आहेत, मी कितीदा ऐकलेत. पण तो डबा नेमका कुणासाठी हे मला इथे बसून कळलं. हात ओले, अंगठ्याला नखी. ही बाई पैसे आले का हे बघायला फोन उचलणार कशी?

संध्याकाळी पाचच्या सुमाराला कुरियरचा मुलगा येतो. आयीने दाणे पाण्यासकट पिशव्यांत भरून गोठवलेले असतात, थर्मोकोलच्या खोक्यात ती नीट लावून देते. मुलगा फोनवर काहीतरी दाबतो आणि कमरेला लटकवलेल्या छोट्या छपाईयंत्रातून पत्त्याची चिठ्ठी सर्रकन बाहेर येते. खोकं दुसऱ्या दिवशी बेजिंगमध्ये. आयीला शाळा फार झालेली नाही, पण घेणाऱ्याचा ताजा बोलका निरोप ती मला अभिमानाने ऐकवते.

आता माझी अडचण सांगते. पहिले तीन आठवडे मी या सगळ्याच्या बाहेर उभी होते. इथे सगळ्याचं मूळ म्हणजे खऱ्या नावावरचा फोन नंबर आणि बँक खातं. भारतातलं कार्ड जोडायला गेले तर ओटीपी येणार बंद पडलेल्या सिमवर. मग एका बँकेत खातं काढायला गेले. माझ्या पासपोर्टवर नावाच्या रकान्यात माझं आणि नवऱ्याचं अशी दोन नावं, आडनाव वेगळं. इथल्या माणसाचं नाव बहुधा दोन-तीन अक्षरांत संपतं. काउंटरवरच्या मुलीने दोन्ही नावं मध्ये जागा न सोडता सलग टाइप केली, पैसे देण्याच्या ॲपला ती जागा हवी होती. नाव जुळत नाही, नाव जुळत नाही. तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला एका वयस्कर बाईंनी आपला पडदा माझ्याकडे वळवला, पासपोर्ट शेजारी धरला आणि आम्ही दोघींनी एकेका अक्षरावर बोट ठेवत पुढे सरकत ते नाव लावलं. तेवढ्यात फोन थरथरला. त्या संध्याकाळी आयीच्या डब्याने माझे पैसे पहिल्यांदा बोलून दाखवले आणि माझे डोळे भरून आले. त्याआधी मी रोख द्यायचे. ती ताडपत्रीखालून पत्र्याची डबी काढायची, सुट्टे नसले की पातीच्या कांद्याची जुडी हातात ठेवायची.

आणखी एक. शेजारणीची बॅटरीवरची स्कूटर घेऊन दूध आणायला गेले होते. परत येताना ती लिफ्टमध्ये घातली, तर दार मिटेना. एक बाईचा आवाज तेच तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणतोय. मी बटणं दाबतेय. शेवटी पहारेकरी काका धावत आले, स्वतःच्या फोनमध्ये काही बोलले आणि फोन माझ्यासमोर धरला. पडद्यावर हिंदी अक्षरं: बॅटरी वर नेऊ नका, आग लागते. लिफ्टमधला कॅमेरा स्कूटरचा आकार ओळखतो आणि दार मिटू देत नाही. काकांनी मला खालच्या शेडमध्ये नेलं. तिथे भिंतीवर नंबर घातलेले सॉकेट आहेत. कोड स्कॅन केला की तेवढा एकच चालू होतो, चार्ज पूर्ण झाला की आपोआप बंद. २३ फेब्रुवारी २०२४ ला इथून दोनेकशे किलोमीटरवर नानजिंगमध्ये एका इमारतीला आग लागली. सुरुवात तळमजल्यावर लावलेल्या अशाच गाड्यांतून झाली होती, १५ माणसं गेली. हे मला काकांकडून कळलं. त्यानंतर त्या आवाजाचा मला कधी राग आला नाही.

वेगवान रेल्वेगाडीतल्या गरम पाण्याबद्दलही लिहायचं होतं. प्रत्येक डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याचा नळ असतो. मी घरून नेलेल्या झटपट पोह्यांचा डबा त्याखाली धरते, झाकण लावते, आठ मिनिटांत पोहे. शाकाहारी माणसाला याहून मोठी सोय नाही.

———

चाफेकळी

सुरेख लिहिलंयस. आयी डोळ्यांसमोर उभी राहिली. एक विचारते, राग मानू नकोस. क्यूआर आणि बोलका डबा आपल्याकडेही आहे, यूपीआय तर त्यांच्याहून सरस म्हणतात. मग यात अवचित काय?

———

पाऊलवाट

राग कसला चाफेकळीताई, रास्त प्रश्न आहे. यूपीआय एप्रिल २०१६ मध्ये आलं, आणि त्याची रचना मला आजही जास्त आवडते. आपल्याकडे दुकानात एकच कोड असला तरी तुमच्याकडचं कुठलंही ॲप चालतं, पैसे थेट बँकेतून बँकेत. इथे वर्षानुवर्षं दोन मोठ्या कंपन्यांची दोन वेगळी दुनिया, वीचॅटची हिरवी आणि अलीपेची निळी, म्हणून आयीच्या डोक्यावर दोन कोड. वीचॅट हे मुळात निरोपांचं ॲप, त्यावरून पैसे देण्याची सोय २०१३ ची, पण ती घराघरांत शिरली २०१४ च्या नववर्षाला. लहानांना लाल पाकिटातून पैसे द्यायची इथली जुनी रीत, ती त्यांनी फोनवर आणली. आजी-आजोबा नातवंडांना पाकीट पाठवता पाठवता शिकले.

अवचित म्हणाल तर हे, की पैसे देणं हा त्यातला छोटासा भाग आहे. त्याच ॲपमध्ये दवाखान्याची वेळ, वीजबिल, शाळेच्या सूचना, गाडीचं तिकीट. बाहेर राहिलात तर एकाच वेळी सगळ्याच्या बाहेर, आत गेलात तर एकाच वेळी सगळ्याच्या आत. सांगलीत माझं कार्ड चाललं नाही तर मी नोट काढते आणि विसरते. इथे ते तीन आठवडे मी विसरू शकत नाही.

———

पूलकर

मी स्थापत्य अभियंता, तीस वर्षं पुलांवर काढली. २०१५ मध्ये कामानिमित्त शांघाय ते नानजिंग वेगवान गाडीने गेलो होतो. ताई, तुम्ही सुझोऊला राहता म्हणून सांगतो, तुमच्या गावाशेजारून जगातला सर्वांत लांब पूल जातो. दानयांग-कुनशान पूल, १६४ किलोमीटर. बेजिंग-शांघाय वेगवान मार्गाचा भाग, हा १३१८ किलोमीटरचा मार्ग जून २०११ मध्ये सुरू झाला. आपल्या हिशेबात सांगायचं तर सीएसएमटीहून निघालात आणि तळेगाव मागे पडलं तरी पूल सुरूच.

मी खिडकीला नाक लावून बसलो होतो. खाली भातशेती, कालवे, मत्स्यतळी, आणि एके ठिकाणी तर किती तरी वेळ नुसतं तळ्याचं पाणी. सोबतचा तरुण म्हणाला, एवढा खर्च कशाला, भराव घातला असता. मला ते ऐकवेना. तिथली जमीन यांग्त्सेच्या गाळाची, मऊ. भराव घातला तर तो वर्षानुवर्षं खचत राहणार, आणि ताशी तीनशेच्या गाडीला काही मिलिमीटरचा फरकही सोसत नाही. शिवाय भराव पायथ्याला शेताचा केवढा पट्टा गिळतो. खांब मात्र खोल पायावर उभा राहतो आणि खाली भात पिकत राहतो.

खरी गंमत मला बांधण्याच्या पद्धतीची वाटते. ३२ मीटर लांबीची पोकळ काँक्रीटची तुळई कारखान्यात अखंड ओतायची, वजन सुमारे ९०० टन. आधी बांधून झालेल्या पुलावरूनच अनेक चाकांची गाडी ती उचलून पुढे नेते, आणि टोकाला उभं असलेलं यंत्र ती पुढच्या दोन खांबांवर अलगद ठेवतं. पूल स्वतःच्या पाठीवरून स्वतःचा पुढचा तुकडा नेत जातो. एकच माप, एकच साचा, हजारो वेळा. आपल्या मुंबई-अहमदाबाद मार्गावर आता याच तत्त्वाने ४० मीटरच्या, ९७० टनांच्या तुळया बसताहेत. व्हिडिओ बघताना ऊर भरून येतो. ज्यांनी शटरिंगच्या पाट्या लावून, रात्रभर जागून एकेक गाळा ओतलाय त्यांनाच यातलं सुख कळेल.

———

वाटसरू

धागा वाचून राहवलं नाही. मी २०१९ ते २०२३ शांघायला होतो, नदीच्या पश्चिमेला, पुशी भागात. तिथलं मी पाहिलेलं तंत्रज्ञान दोन तोंडांचं आहे आणि दोन्ही लिहायला हवीत.

२०२० च्या फेब्रुवारीत, करोनाच्या साथीत, फोनवर आरोग्याचा कोड आला. हिरवा म्हणजे फिरा, पिवळा किंवा लाल म्हणजे घरात. मॉल, बस, ऑफिस, सगळीकडे दाखवायचा. पहिली दोन वर्षं मला ते उत्तमच वाटत होतं. मग १ एप्रिल २०२२ पासून आमचा भाग बंद झाला तो ३१ मेपर्यंत. दोन महिने इमारतीच्या फाटकाबाहेर पाऊल नाही.

त्या काळात आम्हाला जगवलं ते वीचॅटवरच्या इमारतीच्या गटाने. दुकानदार एकेकट्याला माल पाठवू शकत नव्हते, पण पन्नास घरांची मागणी एकत्र केली तर ट्रक यायचा. आमच्या मजल्यावरची एक मुलगी, एरवी लिफ्टमध्येही मान वर न करणारी, ती मागणी गोळा करणारी प्रमुख झाली. बटाटे, अंडी, पीठ. रोज रात्री अकरापर्यंत तक्ता भरायची, कुणी पैसे दिले, कुणाचे राहिले. चौथ्या मजल्यावर एक आजी एकट्या होत्या, साधा बटणांचा फोन. त्या मुलीने तक्त्यात आजींच्या नावाची ओळ स्वतःहून घातली आणि शेवटपर्यंत ठेवली. मी तिला तूरडाळ शिजवून दिली होती, तिने मला एक कोबी दिला. तो कोबी आम्ही चार दिवस पुरवला.

दुसरं तोंड. जून २०२२ मध्ये हनान प्रांतात काही ग्रामीण बँकांत लोकांच्या ठेवी अडकल्या. ठेवीदार दाद मागायला झेंगझोउला निघाले, तर त्यांचे कोड लाल झाले. आजार नाही, संपर्क नाही. तेराशेहून जास्त लोकांचे कोड असे बदलले होते हे पुढे अधिकृत चौकशीतच आलं, आणि पाच अधिकाऱ्यांवर कारवाई झाली. मी हे वाचलं त्या दिवशी माझ्या हिरव्या चौकोनाकडे बराच वेळ बघत बसलो. रंग ठरवणारा हात मला दिसत नव्हता.

डिसेंबर २०२२ मध्ये ते सगळं आवरलं. मी हे रागाने लिहीत नाही, तिथे मला जिवाभावाची माणसं मिळाली. पण लिफ्टमधला कॅमेरा चांगल्यासाठी थांबवतो आणि तसाच दुसरा कॅमेरा दुसऱ्या कशासाठीही थांबवू शकतो, हे एकाच श्वासात सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

———

पाऊलवाट

वाटसरूदादा, हे लिहिलंत ते बरं केलंत. मी त्या काळानंतर आले, त्यामुळे माझ्या लिहिण्यात ती बाजू नव्हती. आमच्या शेजारणीकडे अजून एक कपाट तांदूळ आणि शेवयांनी भरलेलं आहे. का, ते मी तिला कधी विचारलं नव्हतं. आता विचारायची गरज नाही.

———

निवृत्त मास्तर

मुलगी पाऊलवाट, तुझं लेखन वाचून समाधान वाटलं. मी एकाहत्तर वर्षांचा. आमच्या तालुक्याच्या गावी हल्ली पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठीही चेहरा फोनसमोर धरावा लागतो, तो कधी ओळखतो, कधी नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर माझे तीन दिवस त्यातच गेले. चीनमध्ये माझ्या वयाच्या माणसांचं काय होतं? त्या चौथ्या मजल्यावरच्या आजींसारख्या किती असतील?

———

पाऊलवाट

काका, नमस्कार. तुमचा प्रश्न इथेही उघडपणे विचारला गेला. नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांच्या सरकारने खास आदेशच काढला, की दवाखाने, बस, बँका यांनी वयस्कर माणसांसाठी जुनी पद्धतही चालू ठेवावी. रोख पैसे नाकारू नयेत असं त्यांच्या मध्यवर्ती बँकेने २०१८ पासून बजावलंय. तरी कागद आणि प्रत्यक्ष यांत अंतर पडतंच.

डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. आमच्या इमारतीत एक आजोबा आहेत, नव्वदीला टेकलेले. रोज सकाळी कापडी पिशवी घेऊन मंडईत येतात. आयीची ती पत्र्याची डबी मुख्यतः त्यांच्यासाठी आहे, हे मला फार उशिरा समजलं. महिन्यातून एकदा बँकेत जाऊन ती मुद्दाम सुट्टी नाणी आणते. आजोबा नाणी हाताच्या तळव्यावर पसरतात, आयी त्यातली बरोबर तेवढी उचलते, मग दोघं हवापाण्याचं बोलतात. दवाखान्यात मात्र त्यांची नात सोबत लागते. नोंदणी, पैसे, रिपोर्ट, सगळं यंत्रावर किंवा फोनवर. मदतीला लाल अंगरख्यातले स्वयंसेवक उभे असतात, पण नात आली नाही तर आजोबा जाणंच पुढे ढकलतात.

———

सोलापुरी चादर

मी एमबीबीएस हबेई प्रांतात केलं, परतून आता सोलापुरात प्रॅक्टिस. ताईंनी दवाखान्याचा उल्लेख केला म्हणून लिहितो.

पहिल्या वर्षी आम्ही चार मराठी मुलं श्जियाजुआंगला डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या समाधीवर गेलो होतो. १९३८ मध्ये युद्धात होरपळणाऱ्या चीनला मदत म्हणून भारतातून पाच डॉक्टर गेले, त्यातले ते एक. आपले नागपूरचे डॉ. चोळकरही त्यात होते. बाकीचे परतले, कोटणीस राहिले, बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी गेले. आमच्या सोलापुरात त्यांच्या घराचं स्मारक आहे, लहानपणापासून येता-जाता बघितलेलं. तिकडे त्यांच्या पुतळ्यापुढे ताजी फुलं बघून आम्ही चौघं गप्पच झालो.

याचा तंत्रज्ञानाशी संबंध असा. वॉर्डात आम्ही फोनवरच्या भाषांतरावर फार विसंबायचो. एकदा एका शेतकरी आजींना कुठे दुखतंय ते विचारत होतो. त्या स्थानिक बोलीत बोलत होत्या, फोन भलतंच वाक्य दाखवत होता, मी तेच धरून पुढे विचारत होतो. आमच्या सरांनी माझा फोन हळूच माझ्या खिशात ठेवला. म्हणाले, तुमच्या खदीहुआने भाषा शिकून घेतली होती. कोटणीसांचं चिनी नाव खदीहुआ. मग सरांनी आजींचा हात हातात घेऊन पोटावर एकेक जागा दाबत विचारलं, आणि पाच मिनिटांत निदान झालं. त्या रात्रीपासून मी रोज वीस शब्द वहीत लिहायला लागलो. पोट, मळमळ, कळ, मुंग्या येणं. फोन मला बाजारात, स्टेशनवर, बँकेत पुरला. रुग्णाच्या उशाशी नाही पुरला.

———

मागवाला

इचलकरंजीहून. आमचे बारा माग आहेत, रेपियर (बिनधोट्याचे), चिनी बनावटीचे. सुटे भाग आणि कापडाच्या कामासाठी मी शाओशिंगच्या कछ्याओला वर्षातून दोनदा जातो. आशियातला भला मोठा कापडबाजार, तिथे भारतीय व्यापारी इतके की जेवणाची पंचाईत होत नाही.

मला थक्क केलेलं एक सांगतो. वडिलांच्या काळातला एक नमुना माझ्याकडे होता, चार बोटं रुंदीचा चिंधीएवढा तुकडा. अशा विणीचं कापड कोण करतं हे शोधत आधी दोन दिवस बाजारात पायपीट केलेली. तिथल्या एका पोराने तो तुकडा पांढऱ्या कागदावर ठेवला, फोनने फोटो काढला, आणि फोटोवरूनच शोध लावला. पडद्यावर तसल्या कापडांची रांग. त्यातले तीन गाळे आम्ही ज्या इमारतीत उभे होतो तिथलेच निघाले! एका गाळ्यात गेलो. मालकाने मात्र फोनकडे बघितलंही नाही. भिंग काढलं, तुकडा उजेडात धरला, इंचाचे धागे मोजले, ताणा-बाणा उसवून बघितला आणि मान हलवली: जवळपास आहे, तेच नाही. आमचे वडील अगदी असंच करायचे.

———

काळजीवाहू आई

मी इथे नवीन आहे, चूकभूल द्यावी. सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. माझा मुलगा सप्टेंबरमध्ये पुढच्या शिक्षणाला नानजिंगला जातोय. नाव-वडिलांचं नाव-आडनाव हा घोळ त्याच्याही पासपोर्टवर आहे. पहिल्या दिवशी त्याच्याजवळ काय असलं म्हणजे तो अडणार नाही, एवढं सांगाल का ताई?

———

पाऊलवाट

ताई, नक्की सांगते. आणि नानजिंग इथून लांब नाही, तुमचं पोर आमचंच समजा.

त्याचं भारतीय सिम बंद करू नका, रोमिंग चालू ठेवून पाठवा. ओटीपी त्यावरच येतात. शिवाय त्या रोमिंगवर व्हॉट्सॲप चालतं, तिथल्या साध्या सिमवर किंवा वायफायवर ते उघडत नाही. पोचल्या पोचल्या तुम्हाला त्याचा आवाज ऐकायला मिळेल. २०२३ च्या जुलैपासून अलीपे आणि वीचॅट दोन्हीला परदेशी व्हिसा-मास्टरकार्ड जोडता येतं. हे काम घरी बसूनच उरकून टाका, बँकेत जाऊन कार्डावर परदेशी वापर सुरू करून घ्या. २०० युआनच्या वरच्या खरेदीवर तीन टक्के जास्त लागतात, म्हणून तिथलं खातं निघेपर्यंत मोठी खरेदी नको. थोडे रोख युआन, त्यातही दहा-वीसच्या नोटा.

आता नाव. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर अगदी खाली ज्या दोन ओळी बारीक खुणांनी भरलेल्या असतात, त्यात आडनाव आधी आणि मग बाकीची नावं ज्या क्रमाने आहेत, तोच क्रम त्याने सगळीकडे सांगावा. विद्यापीठ, सिम, बँक, तिकीट, चारही ठिकाणी तंतोतंत तेच, मोकळ्या जागेसकट. एका कागदावर मोठ्या अक्षरांत छापून खिशात ठेवू द्या आणि काउंटरवर तोंडी सांगण्याऐवजी तो कागदच पुढे करू द्या. मी हे पहिल्या दिवशी केलं असतं तर तीन खेपा वाचल्या असत्या. आणि सही करायच्या आधी पडदा आपल्याकडे वळवून दाखवायला सांगायचं. कुणी नाही म्हणत नाही.

जाता जाता आजचं सांगते. सांगलीहून आणलेला मखान्याचा पुडा आज मंडईत नेला. आयीला दाखवून म्हटलं, हे तुझं जी-थोऊ-मी. तिचा विश्वास बसेना. एक दाणा दातांखाली घेतला, कुरकुर आवाज आला तशी चमकली. मग नखी चढवलेल्या अंगठ्याने नुकतंच सोललेलं एक ओलं बी उचलून मखान्याशेजारी तळव्यावर ठेवलं, आलटून पालटून दोन्ही बघितले, आणि शेजारच्या मासेवालीला हाक मारली. पाच वाजले होते, कुरियरचा मुलगाही थांबला. त्याने फोन काढून तिच्या तळव्याचा फोटो घेतला. तेवढ्यात मागे कुणीतरी कोथिंबीर घेतली असावी. डबा बोलला, 'तीन युआन जमा', पण आयीचं लक्ष नव्हतं.